जामीन राहिलेल्या आईची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवणे, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या दोन मुलांनी ते इतकी वर्षे ठिकाणावर राहू दिले, हेच नवल.

१. मला दोन अपत्ये. थोरला फ्रिज दुरुस्त करतो. धाकटीकडे संज्ञापनाची पदवी आहे. लोकांशी नीट बोलावे कसे, याचे ते शास्त्र, असे ती सांगते. सख्ख्या भावाशी ती तीन वर्षे बोललेली नाही.

२. भांडण या पदवीच्या कर्जाचे, म्हणून ते आधी लिहिते. कर्ज नऊ लाखांचे होते. कॉलेजच्या पत्रकात छापले होते, पदवीनंतर सरासरी पगार पंचेचाळीस हजार. मी खिडकीवरच्या कारकुनाला विचारले, "सरासरी कुणाची?"

"नोकरी लागलेल्यांची."

"आणि न लागलेल्यांची?"

"ते यात धरत नाहीत, काकू."

एवढे ऐकूनही मी जामीन म्हणून सही केली. "पोरगी पदवीधर झाली की बघा!" असे घरभर सांगत फिरणाऱ्या माझ्या दिरांना मी आधी सहीबद्दल विचारले होते. त्या दिवशी त्यांचा चष्मा सापडेना. ते पत्रक मी जपून ठेवले आहे. माझ्या मालमत्तेतून दिरांना तेवढेच द्यावे.

३. धाकटीला पहिली नोकरी लागली ती बावीस हजारांची. हप्ता अकरा हजार नऊशे, खोलीचे भाडे नऊ हजार. उरलेल्या अकराशेत माणसाने महिनाभर काय खावे, हे त्या शास्त्रात शिकवत नसावेत. काम होते जाहिरात कंपनीत, कॉलेजांची पत्रके लिहिण्याचे. दीड वर्षाने एका पत्रकात पगाराच्या आकड्याखाली हिने ठळक अक्षरांत घातले, "नोकरी न मिळालेले विद्यार्थी यात धरलेले नाहीत." दुसऱ्या दिवशी घरी.

"खरं तेच लिहिलं ना, आई?"

"खरं लिहिलंस गं. हप्ता कोण भरणार?"

मी भरला, चौदा महिने. शिवणयंत्रावर मान मोडेपर्यंत बसून. आता ती पाणीपुरवठा कचेरीत लोकांसाठी सूचना लिहिते, एकतीस हजारांवर. तिच्या सूचना निदान वाचून कळतात. हप्तेही तीच भरते.

४. तीन वर्षांपूर्वी थोरल्याला माझ्या कपाटात त्या चौदा पावत्या सापडल्या. ते पैसे धाकटीच्या वाट्यातून कापावेत, असे त्याचे म्हणणे. त्यावर ती म्हणाली, "मी मागितले होते का?" तेव्हापासून दोघे निरोप माझ्यामार्फत पाठवतात. मी काय टपालखाते आहे?

५. थोरल्याचे बोलणे मात्र मी उडवून लावू शकत नाही. त्याचे वडील वारले तेव्हा तो सोळाचा होता, धाकटी तीनची. शाळा सोडवून मी त्याला कामाला लावले. खालच्या गाळ्याचे पुढचे सगळे हप्ते त्याच्या पगारातून गेले आणि त्याची एकही पावती मी ठेवली नाही. म्हणून रस्त्यालगतचा गाळा त्याचा एकट्याचा. वरच्या दोन खोल्या धाकटीच्या. गाळ्याची किंमत जास्त आहे. त्या फरकात चौदा हप्ते आले आणि त्याची कमाईही आली. यापुढे कुणी वही उघडू नये.

६. दोन्ही शिवणयंत्रे आणि मोठी कात्री माझ्याकडे अठरा वर्षे शिवणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांनी मला एकदाही मनस्ताप दिला नाही. या घरात हा विक्रमच आहे.

७. बँकेत माझे तीन लाख चाळीस हजार आहेत. कर्जापैकी दोन लाख ऐंशी हजार बाकी आहेत. मी गेल्यावर बँकेने जामीनदाराच्या घराकडे बोट दाखवू नये, म्हणून आधी ते फेडून टाकावे. धाकटीने यावर भाषण करू नये.

८. उरतात साठ हजार. गेल्या रविवारी थोरला माझा फ्रिज बघायला आला होता. त्याला हा कागद वाचून दाखवला. कर्जफेडीचे कलम ऐकून तो म्हणाला, "तिला काय शिकायचंय ते विचारलंस. मला कधी विचारलंस?"

मी म्हटले, "आता विचारते. काय शिकायचं होतं तुला?"

तो हातातला पाना पुसत बसला. मग म्हणाला, "घरांचे नकाशे काढायला."

त्याला कामाला लावून सत्तावीस वर्षे झाली, मला माहीत नव्हते. हे साठ हजार नकाशे शिकण्यासाठी त्याचे. मुलांची फी, गाळ्याचा रंग, नवे पाने यांपैकी कशालाही ते वापरू नयेत. त्रेचाळीस हे वय त्याने मला सांगू नये, मी त्याची आई आहे.

हे ऐकून तो म्हणाला, "पण आई, नकाशे शिकून कमाई किती वाढेल?"

"मला काय ठाऊक!" मी म्हटले. "पेन दे इकडे."

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून देणार : (सही) दोघांची आई

साक्षीदार :
१. (सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
२. (सही) समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण : वरच्या मजल्यावरची पुढची खोली
दिनांक : महिन्याची नऊ तारीख, मंगळवार, सकाळी साडेदहा