गालावरचा खवला

जिंतूर, रविवार, १८ जानेवारी १९८७

मामानं आज स्टुडिओच्या काचेत सखूबाईचा फोटो स्वतःच्या हातानं लावला. नवरा-नवरीच्या जोड्यांच्या मधोमध, येलदरी धरणावर मासे विकणारी बाई!

मागच्या महिन्यात मी तो प्रिंट काढला तेव्हा हाच मामा ब्रश घेऊन धावला होता. फोटोत पांढरा ठिपका दिसला की तो धुळीचा, शाईनं भरून टाकायचा, ही त्याची जन्माची सवय. "अगं, गालावर डाग राहिलाय." डाग कसला, माशाचा खवला तो. उन्हात चमकला म्हणून तर बटण दाबलं मी. लय भांडलो. "लोक चेहरा उजळ करून मागतात, अन् तू घाण ठेवायलीस?"

मी प्रिंट तसाच औरंगाबादच्या प्रदर्शनाला पाठवला. परवा कळलं, निवडला गेला. तरी मनात कुरतडतच होतं. खवला ठेवायचा हट्ट माझा, पण गाल तिचा ना?

आज संध्याकाळी ती टोपली घेऊन आली, काचेसमोर थांबली. हात आपसूक गालाकडे गेला. मामा माझ्याकडं बघायलाय.

"ह्ये पुसलं न्हाईस ते बरं केलंस, पोरी," ती म्हणाली. "त्या दिशी लय मासळी घावली व्हती. जाळं दोघांला वढंना."

मामानं आतून फडकं आणलं, काच पुसली.

आज त्यानं धूळच पुसली.