फॉस्फरसवरचं शिळं पाणी

मंगळवार, ४ ऑगस्ट १९५३
खोलीत कुसुम आहे म्हणून या वसतिगृहात निभतंय. नाहीतर मास्तरकीचं ट्रेनिंग सोडून कल्याणला परतले असते. आई गेल्यापासून तिथेही कोण वाट पाहतंय म्हणा.
प्रयोगशाळेतही जोडी आमचीच. आज आम्ल पाण्यात ओतायला शिकलो. पाणी आम्लात कधीच नाही. सर म्हणाले, "उद्या समोर वर्गभर पोरं असतील आणि तुम्ही एकट्या." कुसुम कुजबुजली, "आमच्या घरी ये, भावंडांचा रोजच वर्ग भरतो."

शुक्रवार, ७
आज कपाटं पुसायची पाळी आमची. कुसुमला घरची सवय, सकाळी उठलं की कालचं पाणी ओतायचं, भांडं घासून ताजं भरायचं. फॉस्फरसच्या बरणीतलं गढूळ पाणी तिने तसंच ओतून टाकलं. "शिळं झालंय गं," म्हणत नळावर गेली. परत आली तोवर बरणीतून धूर. घाबरून फॉस्फरसची कांडी हातानेच उचलली, बादलीत टाकली. फॉस्फरस पाण्याखालीच ठेवायचा, हवेत पेटतो, हा पाठ सोमवारी व्हायचा होता.
सरांनी तिचा भाजलेला हात मोरचुदाच्या पाण्यात धरला, त्याने चिकटलेला फॉस्फरस विझतो म्हणे. रडली नाही. संध्याकाळी तिचा दादा येऊन डोंबिवलीला घेऊन गेला.

सोमवार, १०
फॉस्फरसचा पाठ. सर म्हणाले, "निष्काळजीपणाचं फळ पाहिलंत ना?" मी उठून म्हणाले, "सर, हे आधी सांगायला हवं होतं." सर फळ्याकडे वळले.
दुपारी जेवायला शेजारी कोणी बसलं नाही. बोलले ते बरं केलं. पण हे सांगू कोणाला?

बुधवार, १२
रेक्टरबाई खोलीत आल्या. "ती येणार नसेल तर खाट दुसरीला देते."
"येणार आहे."
मला कोणीच तसं कळवलेलं नाही. तिची चादर झटकून पुन्हा घातली. फार एकटं वाटतंय.

रविवार, १६
डोंबिवलीला कुसुमकडे. उजव्या हाताला पट्टी, दोन बोटं वाकत नाहीत. दादा म्हणाला, "खडू धरता येत नाही, आता कसली मास्तरीण? पुरे झालं."
तो आत गेल्यावर तिने धाकट्याची पाटी ओढली, डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण वाचता आलं.
रेक्टरबाई तिची खाट दुसरीला द्यायला निघाल्यात, हे मी सांगितलं.
"मग त्यांना काय म्हणालीस?"
"तू येतेयस म्हणून."
पाटी पुसून तिने पुन्हा नाव लिहायला घेतलं.
"मग दादा काय म्हणाला ते इतक्यात त्यांना सांगू नकोस," म्हणाली.