वाडग्याचं दार

सांगोल्याजवळची वस्ती,
मार्गशीर्ष, शके १८५४

प्रिय बिरू,

अक्षराला नावं ठेवू नकोस. ते माझं नाही. मला राखेत रेघ ओढायला सांगितली तरी वाकडी येते. मी बोलते, लिहिणारा लिहितो आणि मध्येच कुरकुरतो. तू राहतोस त्या अंबुआत्याच्या भाकरी लई पातळ असतात, दोन जास्त घेत जा.

इथं आभाळ तसंच चाललंय. सूर्य उगवतो. तू म्हणतोस तो उगवत नाही, जमीनच फिरते. पण कोंबड्याला अजून कुणी कळवलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तू हे पाहुण्यांसमोर सांगितलंस, तेव्हा तुझा बाप धुळाप्पा म्हणाला, जमीन फिरती तर मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं दार रातीत उगवतीचं मावळतीला कसं जात न्हाय? उत्तर द्यायचं सोडून तू हसलास. उत्तर तुला येत नव्हतं. तुझे कान लाल झाले होते, मी बघितले. पण चारचौघांत पोरगं हसलं ते बापाला लागलं. फाल्गुनात शाळा बंद, मेंढरं वळायला ये, असं त्यानं सुनावलं आणि तू न जेवता सोलापूरला गेलास. तुझी कार्डं आली, उत्तर एकालाही गेलं नाही.

परवा माझा हात मुरगळला. तुझी आई रानात, घरात पीठ नाही. मग जात्यावर धुळाप्पा बसला. व्हय, तुझा बाप, दार लोटून घेऊन. (लिहिणारा इथं थांबलाय. मी म्हटलं, लिही.) निम्मं दळण झालं आणि जातं थांबलं. वरच्या तळीवर एक मुंगळा होता, त्याच्यापुढं जोंधळ्याचा एक दाणा. धुळाप्पा जातं हळूच फिरवी, थांबे, वाकून बघे. मग म्हणाला, आये, जातं किती बी फिरू दे, दाणा मुंगळ्याच्या म्होरंच ऱ्हातो. त्याला वाटत असंल, मी हितंच हाय, घरच फिरतंय. मी म्हटलं, बरं मग? तर म्हणतो, आपलं वाडगं म्हंजे त्यो दाणा की. जमिनीसंगंच फिरतंय, दार कुटं जाईल?

मला अजून पटलेलं नाही. जमीन फिरत असती तर या वयात मला घेरी आली असती. पण त्या दिवशी पीठ जाडंभरडं असूनही तो दोन भाकरी जास्त जेवला, आणि महिन्याभराचा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

तर निरोप असा, की फाल्गुनात मेंढरं तोच वळणार. तू मॅट्रिकपर्यंत तिथंच राहा. पुढच्या वेळी उत्तर येत नसलं तर येत नाही म्हण. बाप हसणार नाही. हे सगळं त्यानं मला तोंडानं सांगितलं नाही. चार यत्ता शिकलेला माणूस, टाक हातात धरून वर्षं लोटली. आज सकाळी आपणहून शाई कालवून माझ्यापुढं बसला आणि म्हणाला, आये, तू सांग, मी लिवतो. फाल्गुनाचं मी सांगितलं, ते त्यानं न कुरकुरता लिहिलं. म्हणून म्हणते, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझीच, अंगठ्यापुरती शिकलेली,
मायाक्का आज्जी