बावीस काळी झाडं आणि एक बुंधा

मी, श्रीमती राजेश्वरी हौशीराम येवले, वय वर्षे ६५, राहणार लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या टाइपरायटरवर स्वतः टाइप करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो कुणी मागितला नव्हता, पण विचारणारे मागाहून निघतात. लोणावळ्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली आणि अश्रू पुसता पुसता कागदाच्या कोपऱ्यातून आपलं नाव शोधणारे डोळे पुष्कळ पाहिले. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणू पाहणारे आहेत, त्यांची नावं पुढे येतीलच. याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असं हे घर माझे पती कै. हौशीराम यांनी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून बांधलं. पडवीवरचं पारदर्शक पत्र्याचं छप्पर त्यांनी माझ्या झाडांसाठी स्वतःच्या हातांनी घातलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही.

पुतण्या कैलास कार्ल्याला असतो आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो. यंदा गणपतीत तो आला आणि पडवीत टाचेला अंगठा लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मी विचारलं, "काय मोजतोस रे?" तर म्हणाला, "काही न्हाई काकू, पाय मोकळे करतोय." पाय मोकळे करणारा माणूस ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत नाही. पडवी पाडून तिथे आणखी दोन खोल्या काढायचा त्याचा विचार दिसतो.

म्हणून हे घर मी कैलासला न देता त्याची पत्नी सौ. स्नेहल हिच्या एकटीच्या नावे देत आहे. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे असं कुणी समजू नये. माझ्या झाडांचे फोटो ती सारखी काढते आणि कुणाकुणाला पाठवते, मी विचारलं की फोन पालथा ठेवते. पण जून महिन्यात सगळे चहा पीत बसले असताना ती एकटी पडवीत गेली आणि तिथून ओरडली, "काकू, ही कडेची हिरवी का पडलीय? ऊन मिळत नाही का तिला?" माझ्या तब्येतीची चौकशी पुष्कळ जण करतात. झाडाची आजवर तिनेच केली. अट एकच: वकिलांसारखी ती मागच्या कुठल्या तरी कलमात लपवत नाही, इथेच सांगते. पडवी पाडायची नाही.

२. बँक आणि दागिने

बँकेत असेल ते मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाला द्यावं. मंगळसूत्र माझ्याबरोबर जाऊ द्यावं. जाताना ते अंगावर आहे की नाही, हे स्नेहलने शेवटपर्यंत उभं राहून बघावं.

मोठ्या जाऊबाई श्रीमती नंदाबाई, म्हणजे कैलासच्या आई, यांना माझी निळी छत्री द्यावी. माझ्या लग्नात मांडवातच त्या म्हणाल्या होत्या, "पोरगी शिकलेली हाय, पर उन्हात इसरल्यागत दिसतीया." त्यांचा गोरा रंग त्यांनी जपावा.

३. झाडं

१९७६ साली मी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर पेर्पेतुआ मायदेशी परत निघाल्या. पोर्तुगालकडच्या कुठल्याशा बेटावरच्या होत्या त्या. त्यांच्या खिडकीत एक झाड होतं. जाड रसाळ पानं, फुलाच्या पाकळ्यांसारखी एकात एक मांडलेली, आणि रंग जवळजवळ काळा. त्यांनी त्याचं एक डोकं, म्हणजे पानांचा एक गुच्छ, कापून पावडरच्या रिकाम्या डब्यात मला दिलं. मी वर्गातली सगळ्यात काळी मुलगी. त्या त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "सावलीत ठेव, हिरवी होते. उन्हात ठेव, काळी होते. काळी आहे, तेव्हाच खरी ती आहे." तो डबा मी दोन्ही हातांनी धरून घरी आणला. पावडरचा तो वास अजून नाकात आहे.

त्या एका डोक्यापासून तेवीस कुंड्या झाल्या. नर्सरीवाले याला एओनियम म्हणतात आणि पर्यटकांना 'ब्लॅक रोज' म्हणून विकतात. माझ्याकडे चौदा वर्षं घरकाम करणारी अकबरी याला 'काळा कोबी' म्हणायची.

आज बावीस शिल्लक आहेत. त्या स्नेहलला द्याव्यात. तिने पुढील गोष्टी पाळाव्यात. माती जाड वाळूची, त्यात विटेचा चुरा आणि भाताच्या तुसाची मूठभर राख. एप्रिल-मेमध्ये झाड झोपतं, डोकं मिटतं, खालची पानं गळतात. तेव्हा दया येऊन पाणी घालू नये. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखालून हलवू नये. लोणावळ्याची हवाच तेव्हा पाणी पाजत असते. बुंधा बोटाला मऊ लागला तर एक दिवसही थांबू नये. मऊ भाग संपतो त्याच्या वर, घट्ट खोडात, तिरका छेद घ्यावा. दोन्ही बाजूंना हळद लावावी. कापलेलं डोकं आठ दिवस सावलीत कोरडं ठेवावं आणि मग नव्या मातीत रोवावं. अकबरीला हे मी हातात हात धरून शिकवलं होतं.

४. अकबरी गुलजार शेख

हिला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. माझ्या मृत्यूनंतर तिने घरात पाऊल ठेवू नये.

कारण नोंदवून ठेवते. ऑगस्ट २०२२ मध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी एकोणीस दिवस पुण्यात होते. घराची किल्ली अकबरीकडे होती. "झाडांना पाणी अजिबात नको" असं मी तीनदा सांगितलं होतं. तरी माझ्या गैरहजेरीत कोण कुंड्यांना हात लावतं हे कळावं म्हणून निघण्यापूर्वी मी तेवीसही कुंड्यांतल्या मातीवर पांढऱ्या रांगोळीचा बोटभर थर दिला. पाणी घातलं किंवा कुंडी हलवली की थर मोडणार. हे कुणाला सांगितलं नाही.

परत आले तर बावीस कुंड्यांवरची रांगोळी साफ नाहीशी झालेली. आणि तेविसावी, सिस्टरांची, सगळ्यांची आई, तिचं ताटाएवढं डोकं गायब. नुसता बुंधा. त्याच महिन्यात कैलासने त्याच्या पाहुण्यांसाठी स्वागतकक्ष सजवला होता. तिथे मला काळं झाड दिसलं नाही, पण दिसेल तिथे ते ठेवायला तो खुळा नाही. अकबरीने ते चोरून त्याला विकलं, असा माझा निष्कर्ष आहे.

शाळेत आम्हाला आवाज चढवायला शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अकबरीकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. मला झेपतंय." ती बुंध्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, त्या काळ्या कोबीचं—" मी म्हणाले, "राहू दे." ती गेली. बुंध्याची कुंडी मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, तारखेची चिठ्ठी लावून, पुरावा म्हणून कपाटावर ठेवली. तीन वर्षं ती तिथेच आहे.

५. टाइपरायटर

तो कुणाला नको असणार. ज्याला हवा असेल त्याने आधी का हवा ते सांगावं.

६. कलम चारसंबंधी

वरची पाच कलमं मी सोमवारी, ३ नोव्हेंबरला टाइप केली. आज शुक्रवार आहे.

सोमवारी दुपारी मी पुराव्याची कुंडी यादीत नीट वर्णन करण्यासाठी खाली काढली. ऑफिसात साहेब म्हणत, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत घालू नका. पिशवी सोडली. बुंधा वाळून कडकडीत झाला होता. मातीवर रांगोळी बशीसारखी कडक बसली होती. चाकूच्या टोकाने ती उचकटली. खालची माती काळी आणि चिवट, आणि बुंधा नेमका त्या थराच्या पातळीवर सडून गेलेला, चारही बाजूंनी. ऑगस्टच्या दमट हवेत तो थर ओला झाला, आळला आणि बुंध्याला गळपट्ट्यासारखा बसला. वर टाकलेल्या बोटभर पावडरने झाड कुजतं, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं.

मग वरचा छेद पाहिला. सड संपते त्याच्या दोन बोटं वर. तिरका. आणि त्याच्यावर अजून पिवळट डाग.

चोर हळद लावत नाही.

मंगळवारी कुंडी पिशवीत घालून मी एसटीने कार्ले फाट्यावर उतरले. अकबरी तिच्या लेकीकडे, गुलनाजकडे राहते, हे मला ठाऊक होतं. मी लक्ष ठेवून होते. दारातच भेटली. म्हणाली, "या. गुडघा कसा हाय?"

मी म्हणाले, "अकबरी, ते डोकं..."

"कोबी व्हय? हाय की. तितं बगा, खुराड्यावर."

कोंबड्यांच्या खुराड्यावर, पत्र्याच्या पुढे आलेल्या वळचणीखाली, तेलाच्या डब्यात ते झाड उभं होतं. एकाची चार डोकी झालेली. माझ्या बावीसांपैकी एकही इतकं काळं नाही. सबंध दिवसाचं ऊन खाऊन ते तसं झालं होतं, सिस्टरांच्या खिडकीत होतं तसं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत व्हते. तुमी म्हणला ऱ्हाऊ दे. मी ऱ्हाऊ दिलं."

"कैलासकडे तरी निरोप द्यायचास."

"त्यांनाच आदी सांगितलं. म्हणले, आप्रेशन झालंय काकूचं, झाडाचं काय सांगायचं त्यात. मग म्हणलं, मुळं धरू द्या, डबाच नेऊन दावू. तवर तुमी किल्ली मागितली." तिने माझ्या पिशवीतल्या कुंडीत डोकावलं. "त्या कुंड्यांत रांगोळी कशापायी घातलीती? ह्या कोबीचं सडलं, म्हणून बाकीच्यांची मी चमच्यानं काढली. दोन दीस लागले. मुंग्यांसाठी व्हती का?"

मी म्हणाले, "तुझ्यावर नजर ठेवायला."

अकबरीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "रांगोळीला डोळं असत्यात व्हय, मॅडम?"

ती हसली, पण गुलनाज हसली नाही. ती आतून म्हणाली, "अम्मीला दोन वर्षं लोणावळ्यात कुणी काम दिलं नाही. सगळे विचारायचे, येवले मॅडमनी चौदा वर्षांनी का काढलं? तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून लोकांनी हवं ते बोलून घेतलं." मला वाटत आलं होतं की मी गप्प बसून तिची अब्रू राखली.

चहा आला. बिनसाखरेचा. तो मी तसाच घेते हे तिला विसरता आलं असतं.

मी म्हणाले, मृत्युपत्र करते आहे, बावीसही झाडं तुला देते. ती म्हणाली, "नगं. पावसाळ्याला बावीस कुंड्या कुटं सांभाळू? माझं एक हाय ते बास." पडवी? नको. सोनं? तिने हात झटकला. मग म्हणाली, "त्या कागदात मी चोर हाय असं लिवलंय का?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "लिहिलंय."

"मग ते खोडू नगा. खोडलं की लोक इचारणार, खाली काय व्हतं. त्याच्याखाली खरं लिवा. आन् शेवटाला त्या सह्या असत्यात, त्या कुणाच्या?"

"साक्षीदारांच्या. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल अशा माणसांच्या."

"तितं मी करते सही."

मी तिला ऑफिसातला रिवाज सांगितला: ज्याला काही मिळणार असतं त्याला आम्ही साक्षीला बसवत नसू. सही केलीस तर तुला काहीही देता येणार नाही. ती म्हणाली, "तेच म्हणतीया मी."

म्हणून जाहीर करते: अकबरी गुलजार शेख हिने माझ्या घरातून कधीही काहीही चोरलं नाही. माझ्या हातून मरत असलेलं झाड तिने वाचवलं. कलम चार चुकीचं आहे, त्याचा अंमल करू नये, पण ते खोडूही नये. माझ्या तेराव्याला जमलेल्या सगळ्यांसमोर स्नेहलने कलम चार आणि कलम सहा मोठ्याने वाचावं. कैलासने तेव्हा पाय मोकळे करायला बाहेर जाऊ नये.

७. बाकी

कार्ल्यातलं झाड माझ्या मिळकतीत धरू नये. त्याच्या मालकीणबाई हयात आहेत. बुंध्याची कुंडी मी धुऊन ठेवली आहे. अकबरीने झाडाचं एक डोकं देऊ केलं आहे, ते थंडीत त्या कुंडीत लावेन. मातीवर काहीही पसरणार नाही. झाड जगलं तर स्नेहलकडे तेवीस जातील. तिने फोटो खुशाल काढावेत. कुणाला पाठवते तेवढं मात्र मला जिवंतपणी कळलं तर बरं होईल.

एवढा शेवटचा मजकूर रविवारचा: हे मृत्युपत्र सकाळी माझ्या पडवीत, दोन्ही साक्षीदार समोर असताना, गुलनाजने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. कलम चार वाचत असताना मी अकबरीच्या तोंडाकडे बघितलं नाही. ते संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाच पुढं." सगळं ऐकून, समजून, माझ्यानंतर दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) राजेश्वरी हौशीराम येवले

साक्षीदार:

१. (सही) अमृत कोंडाजी पिंगळे, शेजारी, राहणार लोणावळा.

२. (सही) अकबरी गुलजार शेख, राहणार कार्ले. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. म्हणून हिचा शब्द धरावा.

ठिकाण: लोणावळा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५