आईच्या गाडीचा इंजिन नंबर

४ जानेवारी
ठाण्याहून आणलेलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखाली बसतो तो भोकांचा पत्रा, बसत नाही. आरसी बुकातलं मॉडेल दाखवूनच घेतलेलं. आंबिवलीच्या गॅरेजात उस्मानचाचांनी इंजिनाचं हेड उघडून ठेवलंय, वर गॅस्केट धरलं तर पाण्याची भोकं एकीकडे, बोल्टची दुसरीकडे. म्हटलं, दुकानदाराने चुकीचं दिलं. चाचांनी ते परत खोक्यात घातलं.
आईचं वर्षश्राद्ध २ फेब्रु.ला. आप्पांचं एकच म्हणणं, "त्या दिवशी हिची गाडी दारात चालू पायजे." तर करायचीच.

७ जाने.
शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर सही करून घेतलं, शाळा सुटल्यावर डोंबिवलीहून थेट आंबिवली. सिलिंडरचा व्यास तीनदा मोजला. तिन्हीदा तेच. बुकातल्या इंजिनापेक्षा दोन मिमी जास्त. झिजून वाढतो का इतका? चाचा: "इतका नाय वाढत. बेटा, ब्लॉकवरचा नंबर वाच. त्याच्याशिवाय एक पार्ट मागवू नको."
म्हटलं, तुम्हीच सांगा ना, गाडी कायम तुमच्याकडेच येते.
"तूच वाच."
चिडले. पण वर्गात मीही मुलांना हेच सांगते.

८ जाने.
मोहन्याला घरी गेले. आप्पांना म्हटलं, इंजिन बहुतेक मूळचं नाही. कप खाली ठेवला. "काय पण बोलतेस. सदुसष्टची गाडी, इंजिन कधी बदलला नाय. तुझ्या आयशीचा हात व्हता तो."
हे वाक्य लहानपणापासून ऐकतेय, येईल त्या पाहुण्यासमोर. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. गल्लीत गाडी चालवणारी बाई एकच, आई, आणि त्याचा तोरा मात्र आप्पांचा.

११ जाने., रवि.
दोन तास रॉकेल आणि तारेचा ब्रश. ब्लॉकच्या बाजूला सपाट पट्टी, तिच्यावर ग्रीस वाळून दगड झालेलं. नखं गेली. मग खडू घासला, वरवर पुसला, आकडे पांढरे उठून आले. चारदा वाचून वहीत उतरवले. पहिले दोन सोडले तर आरसीशी काही जुळत नाही. शेजारी ओतीव आकड्यांत साल: ७५. गाडीपेक्षा इंजिन आठ वर्षांनी लहान.
वही चाचांपुढे धरली. चष्मा लावून वाचली आणि स्टुलावर बसले.
"आता तू वाचलंस. मी नाही सांगितलं. वहिनीला जबान दिलेली."
मग सगळं सांगितलं. मी दुसरीत, सुट्टीत मामाकडे गेलेले. आप्पा कंपनीच्या कामाला महिनाभर गुजरातेत. मागच्या गल्लीतली एक बाई बाळंतपणात अडली. आईने तिला गाडीत घातलं. रेल्वे फाटक बंद, तिथेच रेडिएटर उकळायला लागला. फाटक उघडल्यावर आईने थंड होऊ दिलं नाही, तशीच दामटली. कल्याणला हॉस्पिटलच्या दारात पोचली आणि इंजिन जाम.
आप्पा यायच्या आत चाचांनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून दिलं. "वहिनी बोलली, त्यांना कळलं तर परत चावी हातात देणार नाहीत."
जुन्या इंजिनाचं काय केलंत? त्यांनी शेडमागच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. जपून ठेवलंय.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन गॅरेजातच. ७५च्या इंजिनाचं गॅस्केट उल्हासनगरला मिळालं, धरून पाहिलं, भोकावर भोक. चार दिवसांत गाडी चालू होईल.
पत्र्याखालच्या इंजिनाचाही नंबर घासला. आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो. पिस्टन गंजून बसलेत. चाचा म्हणतात, सुटले तर होईल, पण २ तारखेपर्यंत नाही. "कोणतं करू ते सांग."
नवं गॅस्केट बसवून गप्प राहता येईल. आप्पांचं वाक्यही तसंच राहील. आईनेच लपवलं होतं, मी कोण...
नाही. त्यांना न सांगता कोणतंच बसवायचं नाही.

१७ जाने.
सांगितलं. वहीतले दोन्ही नंबर वाचून दाखवले, मग बाकीचं. आप्पांनी ओटीवरच वही मागून घेतली, आकडे परत पाहिले.
"मी नसती दिली चावी," म्हणाले. "खरा हाय."
मग, "त्या बाईचा पोर जगला का?"
माहीत नाही. चाचांना हे विचारायचं मला सुचलंच नाही.
"आन् गाडी बंद पडल्यावं ही घरी कशी आली? येकटी?"
तेही माहीत नाही.
कुठलं इंजिन, हे त्यांनी विचारलंच नाही. चाचा उद्या सकाळी माझ्या फोनची वाट बघतील.