सात धडे आणि न सापडणारी कमांड

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.२०
जुना कॉम्प्युटर शनिवारी गेला. आजपासून नवा. अंधांसाठी बोलती पुस्तकं करणारं आमचं ऑफिस. वाचणाऱ्या ताई धडे रेकॉर्ड करतात, मी एका कमांडने त्या फाइल्स लहान करतो, नाहीतर मुलांच्या छोट्या प्लेअरवर त्या वाजतच नाहीत. अकरा वर्षं हे खातं एकट्याच्या जिवावर चाललंय. इतिहासाचे शेवटचे सात धडे राहिलेत. ज्या मुलीला हवेत तिचा पेपर शुक्रवारी अकराला. उद्या देतो म्हणून शब्द दिलाय.

१०.४५
‘कमांड नॉट फाउंड’. हसू आलं. नव्या कॉम्प्युटरवर ही कमांड चालवणारं टूल टाकायचं राहिलंय, एवढंच. अर्ध्या तासाचं काम.

१२.१०
टूल इन्स्टॉल केलं. काळ्या विंडोत दोनशे ओळी पळाल्या. शेवटी काहीतरी सूचना होती. सूचना नवशिके वाचतात. पुन्हा कमांड दिली. नॉट फाउंड. टूलच भिकार निघालं.

मंगळवार, ५ मार्च
संकल्प: शांत राहणे.
टूल नीट बसावं म्हणून दुसरं टूल टाकलं. त्याला तिसरं लागतं. शेजारच्या टेबलावरच्या नोंदणीच्या बाईंनी विचारलं, विंडो बंद करून पुन्हा उघडलीत का. म्हटलं, ही विंडो कालपासून मुद्दाम उघडी ठेवलीय, साहेबांना पुरावा दाखवायला. कॉम्प्युटरही बंद करत नाही. बाई चार महिन्यांचा कोर्स करून आल्यात. असो.
मुलीचा फोन. धडे आज येणार का? म्हटलं, आलेच समज.

बुधवार, ६ मार्च
एकूण नऊ टूल्स. नॉट फाउंड.
वाचणाऱ्या ताई आल्या. म्हणे, मी तिला फोनवरच सातही धडे वाचून दाखवते, दोन संध्याकाळी लागतील. साफ नाही म्हटलं. मग आमचं खातं कशाला आहे? ताईंचं मन चांगलं आहे, पण शिस्त म्हणून काही असतं की नाही!
घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. वर पुन्हा विचारते, त्या पोरीचं काय. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी १
चौदा टूल्स. आता ‘नॉट फाउंड’ यायलाही वेळ लागतो. फोन वाजला की आधी नंबर बघतो. मुलीचा दोनदा आला. उचलला नाही, एकाग्रता मोडते.

५.१५
ताई पुन्हा दारात. धडे पोचले का, नाहीतर आज संध्याकाळी बसते म्हणाल्या, निदान चार तरी होतील. सांगितलं, गेले. उद्या सकाळी जाणारच आहेत, म्हणजे हे खोटं नाही, जरा आधी सांगितलेलं खरं आहे. ताईंना किती बरं वाटलं! पर्स उचलून घरी गेल्या.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी १०.४०
चहा घेऊन परत आलो तर बाई माझ्या खुर्चीत. विंडो बंद करून नवी उघडली होती त्यांनी. कमांड चालली. भराभर सात फाइल्स. बाई म्हणाल्या, टूल सोमवारीच बसलं होतं, नवी विंडो उघडा असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. पुरावा म्हणून ठेवलेल्या विंडोतच वाचलं त्यांनी.
चौदा टूल्सनी वातावरण तयार केलं होतं, हे त्यांच्या लक्षात येणार नाही.

१०.५२
सातही धडे पाठवले, सोबत लिहिलं, मशीनने चार दिवस छळलं. मुलीचा फोन बंद. परीक्षेला आत सोडलं असेल.

दुपारी ३.३०
मुलीचा फोन. उचलला. त्या सात धड्यांवर चाळीस मार्कांचं आलं होतं म्हणाली, सोडून दिलं. मग म्हणाली, सर, मशीनने तुम्हाला किती त्रास दिला, चार दिवस माझ्यासाठी झटलात, आईने थँक्यू सांगितलंय. मी म्हटलं, कर्तव्यच आहे.
फोन ठेवला तर ताई टेबलापाशी उभ्या. हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, तिचाच होता का, कसा गेला पेपर.
राँग नंबर म्हणालो.