शेजारी बसण्याचे शुल्क

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, राळेगाव,
जि. यवतमाळ.

अर्जदार : तुळसाबाई उकंडा मुनेश्वर, वय ५४, अध्यक्ष, उगवती महिला बचत गट (पंचायत समिती आवारातील उपाहारगृह चालविणारा), रा. राळेगाव.

विषय : दि. २३ जानेवारी रोजी विमान कंपनीच्या पाहुण्यांकडून खुर्ची, पंखा, पाणी व ब्लँकेट यांचे पैसे घेतल्याबाबत खुलासा, आणि माफीनाम्यासाठी अर्जदाराची एक अट.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. १ फेब्रुवारी २०१९.

महोदय,

१. वरील नोटीस अर्जदाराने मुलगी ममता हिच्याकडून तीन वेळा वाचून घेतली. पाहुण्यांचा अपमान झाला, कार्यालयाची शोभा गेली, सबब सात दिवसांत लेखी माफी द्यावी, अन्यथा उपाहारगृहाचा करार रद्द होईल, असे तीत आहे. लिहिलेले बहुतेक खरे आहे. एकच शब्द चुकला. घडलेला प्रकार "गैरसमजातून" झाला असावा असे आपण उदारपणे म्हटले आहे. गैरसमज कोणताही नव्हता. अर्जदाराने जे केले ते आदल्या दिवशी ठरवून, शुद्धीत आणि मनापासून केले.

२. अर्जदाराचे पती उकंडा हे रोजाने फवारणीला जात. आपण बदलून अलीकडे आलात, म्हणून कळविते की हा माणूस राळेगावात त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरून ओळखला जाई. दिवसभर औषधाच्या वासात राहणारा, पण संध्याकाळी अंघोळ करून, पितळी तांब्यात निखारे भरून स्वतःच्या हाताने सदऱ्याला इस्त्री फिरवणारा. कॉलर कडक नसेल तर तो पानठेल्यापर्यंतही जात नसे. सन २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि अळी हटत नव्हती म्हणून लोक औषधात औषध मिसळून मारत होते. सप्टेंबरात एके दिवशी पंपाची नळी तोंडापाशी निसटली आणि औषध उकंडा यांच्या दोन्ही डोळ्यांत गेले.

३. यवतमाळहून त्यांना नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, डावा डोळा गेला, उजवा वाचला तर चेन्नईत वाचेल, पण दोन दिवसांत पोचायला पाहिजे. रेल्वेत जागा नव्हती. अर्जदाराचा मुलगा धम्मरत्न नागपुरात वायरमनचे काम करतो. त्याने दुसऱ्या दिवसाची विमानाची दोन तिकिटे काढली. अर्जदाराने विमान त्याआधी फक्त कपाशी निंदताना वर मान करून पाहिले होते.

४. धम्मरत्नला विमानतळाच्या दाराबाहेरच थांबवण्यात आले. आत खिडकीवरच्या मुलीने उकंडा यांना सत्ताविसावी रांग दिली आणि अर्जदारास नववी. शेजारी बसायचे असेल तर वेगळे शुल्क पडेल, असे ती हिंदीत म्हणाली. माणसाला दिसत नाही, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर हात धरून नेणारा माणूस पाहिजे असल्यास अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे लागते, असे उत्तर मिळाले. डोळा जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते, पण चेन्नईला जायचे ठरून तीस तासही झाले नव्हते. अर्जदाराच्या पदराला दवाखान्याचे पैसे बांधलेले होते. तिने विचार केला की दीड तासाचा तर प्रश्न आहे, औषधाला लागतील, राहू द्या. ही गाठ तिने स्वतः सोडली नाही. कंपनीवरचा राग एकीकडे आणि ही गोष्ट एकीकडे. दुसरी तिला जास्त खाते, आणि म्हणूनच पहिला कमी होत नाही.

५. विमान सुटल्यावर अर्जदाराने उभे राहून मागे पाहिले. उकंडा यांच्या शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. ती तिकडे निघाली तेव्हा सेविकेने अडवले. त्या आवडीच्या जागा आहेत, त्यांचे आठशे रुपये आहेत. अर्जदाराने आता गाठ सोडली. सेविका म्हणाली, पट्ट्याचा दिवा विझल्यावर घेऊ, तोवर बसा. त्या दिवशी ढग फार होते. दिवा विझला नाही.

मागून उकंडा यांची हाक आली, "तुळसा, कुठी हायस वं?" अर्जदाराने नवव्या रांगेतून ओरडून सांगितले की अठीच हाय. काही लोक हसले. ओरडू नका, असे तिला बजावण्यात आले. मग उकंडा चाचपडत उठले आणि सेविकेला म्हणाले, "बाई, मले बाहेर जा लागते." आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. त्या मुलींना वाटले, म्हातारा घाबरून विमानातून बाहेर पडायचे म्हणतो. त्यांनी त्यांना खाली बसवले आणि पट्टा आवळला. ते पुन्हा उठले. पुन्हा बसवले. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत.

६. उतरायच्या आधी सेविका अर्जदाराकडे आली आणि तुमच्या माणसाची सीट ओली झाली, असे हिंदीत म्हणाली. अर्जदाराने ब्लँकेट मागितले. त्याचे तीनशे रुपये आगाऊ घेण्यात आले व पावती देण्यात आली. पावतीवर "आरामसेवा" असे छापलेले आहे. इस्त्रीच्या सदऱ्याखाली ते ब्लँकेट कमरेला गुंडाळून उकंडा दीडशे-दोनशे लोकांमधून उतरले. ते फक्त एवढेच विचारत होते, किती लोक पाहून राह्यले. अर्जदाराने कोणीच नाही म्हणून सांगितले.

७. उजवा डोळाही वाचला नाही. यात दवाखान्याचा दोष नाही, त्यांनी हात जोडून सांगितले की औषध खोल गेले होते. त्यानंतर सोळा महिने झाले, उकंडा अंगणाबाहेर आलेले नाहीत. ममताने कंपनीला दोन पत्रे पाठवली. दोन्हीला एकच छापील उत्तर आले. अभिप्रायाबद्दल आभार मानले होते आणि पुढच्या प्रवासात दहा टक्के सूट दिली होती.

८. अशा स्थितीत दि. २२ जानेवारी रोजी आपल्या सभागृहावर फलक लागला, की सदर विमान कंपनी फवारणी मजुरांना चष्मे, हातमोजे व टोप्या मोफत वाटणार. फलकावरचा निळा पक्षी अर्जदाराने ओळखला. तोच ब्लँकेटच्या कोपऱ्यावर आहे. पाहुण्यांच्या जेवणाचे काम आमच्याच गटाकडे होते. अर्जदाराने ममताला मोबाइलवर कंपनीची दरांची यादी वाचायला लावली आणि तीच नावे खडूने फळ्यावर उतरवून घेतली : आवडीची जागा, पाठ टेकण्याची सोय, पंख्याखाली बसणे, लवकर वाढणे, शेजारी बसणे, पाणी. गटाच्या सचिव वच्छलाबाई यांनी विरोध केला. त्या म्हणाल्या, अकरा बायांच्या चुली हायेत यावर. अर्जदाराने सांगितले की उद्याचा दिवस माझ्या एकटीच्या नावावर टाका. वच्छलाबाई त्या दिवशी कामावर आल्या नाहीत, ही नोंद घ्यावी.

९. कार्यक्रमाला कंपनीचे चौघे आले. प्रमुख होते विभागीय व्यवस्थापक श्री. सलील राजवाडे, वय चाळिशीच्या आसपास, बोलायला गोड. कार्यक्रमाचे अध्यक्ष यायला तीन तास उशीर होता, म्हणून त्यांना आधी जेवायला बसवले. अर्जदाराने चौघांना चार कोपऱ्यांतल्या चार टेबलांवर बसवले. एकत्र बसायचे तर फळा दाखवला. राजवाडे यांना मजा वाटली. गावच्या बायका हुशार आहेत असे म्हणून त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि पैसे देऊन पंख्याखाली आले. झुणक्यात मिरची मुद्दाम जास्त घालण्यात आली होती. हे नोटिशीत नाही, अर्जदार स्वतःहून कळवीत आहे. पाण्याच्या सहा बाटल्या गेल्या, त्यांतल्या तीन एकट्या राजवाडे यांना.

१०. अडीचच्या सुमारास ते उठले आणि शौचालय विचारू लागले. नळ चोरीला जातात म्हणून त्याला कुलूप असते व किल्ली उपाहारगृहात असते, हे आपणास माहीत आहे. त्यांनी खिशात हात घालून विचारले, याचे किती? अर्जदार म्हणाली, "याचा दर नाही साहेब. पयले आयका."

आणि शौचालयाच्या दारासमोर उभे राहून, किल्ली मुठीत धरून, तिने त्यांना सगळे सांगितले. नळी निसटली तिथपासून सुरुवात केली. कोणतीही गोष्ट गाळली नाही, घाई केली नाही. नववी रांग, सत्ताविसावी रांग, दिवा, हाक, पट्टा. राजवाडे यांनी दोनदा हात पुढे केला. दोनदा अर्जदार थांबली, आणि पुन्हा जिथे थांबली तिथून बोलू लागली. त्यांच्या मागे सभागृहाचे आवार होते, टोप्या घातलेले तीनशे मजूर होते, वार्ताहर होते. तिकडे जाण्यासारखे नव्हते. "बाहेर जा लागते" याचा अर्थ तिने त्यांना समजावून सांगितला. त्यांना तो आधीच कळला होता. सांगणे संपायच्या थोडे आधी किल्लीची आवश्यकता उरली नाही.

अर्जदारास त्या वेळी बरे वाटले. सोळा महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. हे लपवून माफी मागणे तिला जमणार नाही.

११. ब्लँकेट तिने सकाळी घरून पिशवीत घालून आणले होते. कशाला, ते आणताना तिला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हते. ते तिने राजवाडे यांना तीनशे रुपयांत दिले व गटाची पावती दिली. मात्र तिने कोणालाही पाहायला बोलावले नाही. कमरेला ब्लँकेट गुंडाळलेल्या त्या माणसाचा हात धरून तिने त्याला मागच्या फाटकाने गाडीपर्यंत नेले. हात धरण्याचे काही घेतले नाही. गाडीत बसताना ते एवढेच म्हणाले, "मला माहीत नव्हतं." अर्जदार म्हणाली, आता झालं.

१२. घरी आल्यावर तिने उकंडा यांना हकीगत सांगितली. तिला वाटले होते, ते हसतील, निदान सावरून बसतील. त्यांनी विचारले, "लेकराबाळाचा हाय का थो?" असेल, असे तिने सांगितले. मग म्हणाले, "त्यानं थोडीच केलतं, तुळसा." अर्जदारास याचा इतका संताप आला की ती जेवली नाही. ज्याच्यासाठी केले त्यालाच त्या माणसाची दया आली. तिला आजही दया येत नाही, आणि कराराच्या भीतीने दया आल्याचे सोंग ती करणार नाही.

१३. नोटीस आल्यावर मात्र उकंडा यांनीच ती पुन्हा वाचायला लावली आणि माफीचा मजकूर स्वतः सांगितला. तो असा. आपण सुनावणीची तारीख लावावी. त्या दिवशी उकंडा स्वतः पंचायत समितीत येतील. श्री. राजवाडे यांनाही बोलवावे. दोघांच्या खुर्च्या एकमेकांना लागून ठेवाव्यात आणि राजवाडे यांनी नागपूर ते चेन्नई लागतो तेवढा वेळ, म्हणजे दीड तास, उकंडा यांच्या शेजारी बसावे. काही बोलले नाही तरी चालेल. मधे उकंडा यांना बाहेर जायचे झाले तर राजवाडे यांनी त्यांचा हात धरून न्यावे आणि परत आणून बसवावे. किल्ली दाराला लावून ठेवू.

एवढे झाले तर अर्जदार त्याच ठिकाणी, सर्वांसमक्ष, माफीनाम्यावर सही करील. राजवाडे साहेबांना दीड तास काढणे शक्य नसेल तर करार खुशाल रद्द करावा, परंतु तो अर्जदाराच्या नावापुरता. गटातल्या बाकी दहा बायांचा यात हात नाही.

कळावे, आणि तारीख कळवावी.

माफी देण्यास तयार, पण फुकट नाही,
तुळसाबाई उकंडा मुनेश्वर (सही)

उकंडा गोमाजी मुनेश्वर (डाव्या अंगठ्याची निशाणी)

राळेगाव, दि. ६ फेब्रुवारी २०१९

अर्ज लिहिणार : पुंडलिकराव झाडे, निवृत्त शिक्षक, अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे. मिरचीचा उल्लेख गाळावा असे सुचवले होते, अर्जदाराने मानले नाही.

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. विमानात चढण्याचे दोन कागद, रांग ९ व रांग २७.
३. ब्लँकेटची पावती, रु. ३००, कंपनीची.
४. ब्लँकेटची पावती, रु. ३००, गटाची, स्थळप्रत.
५. दहा टक्के सूट दिल्याचे पत्र. याची मूळ प्रतच जोडली आहे, परत नको.